शनिवारचा पगार आणि याकोबाचं पत्र

बायबलच्या नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात येशूचं नाव फक्त दोनदा येतं. पहिल्या अध्यायाच्या पहिल्या ओळीत आणि दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या ओळीत. वधस्तंभाचा उल्लेख नाही, पुनरुत्थानाचा नाही, बाप्तिस्म्याचा नाही, प्रभुभोजनाचा नाही. पाच अध्याय, १०८ वचनं. मोठ्याने वाचायला बसलं तर पंधरा-वीस मिनिटांत संपतं. आणि तेवढ्याशा जागेत मजुरी आहे, सोन्याची अंगठी आहे, सभेत कोणी कुठे बसायचं ते आहे, जीभ आहे, पाऊस आहे, आजाऱ्याला लावायचं तेल आहे. नव्या करारातली २७ पुस्तकं समोर मांडून एकच उचल असं कोणी म्हटलं, तर चार शुभवर्तमानं सोडल्यावर माझा हात याच पत्रावर जाईल.

कारण नाव दोनदाच असलं तरी येशूचं बोलणं यात जागोजागी आहे. तुमचं होय ते होय आणि नाही ते नाही असू द्या, शपथा वाहू नका, हे डोंगरावरच्या प्रवचनातलं सांगणं याकोब जवळजवळ जसंच्या तसं देतो. कसर लागलेली वस्त्रं, देवाच्या राज्याचे वारस झालेले गरीब, ज्याने दया केली नाही त्याचा दयेवाचून होणारा न्याय, सगळं तिथलंच. पण ‘प्रभू असं म्हणाला’ हे शब्द तो कुठेच घालत नाही. घरातल्या मोठ्या माणसाची वाक्यं आपल्या तोंडी इतकी बसतात की ती कोणाची हे सांगायचं भान राहत नाही, तसं ते वाचताना वाटतं.

मी नगरची. शहराचं नाव आता अहिल्यानगर आहे, पण जुन्या माणसांच्या तोंडून नगर जात नाही. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली इथे ठाणं केलं आणि आमच्या घराचं ख्रिस्ती होणं त्याच मिशनच्या शाळेपासून सुरू होतं. मी एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये हिशोब बघते. मस्टर, ओव्हरटाइम, उचल, पीएफचं चलन, शनिवारचा पगार. बुधवारी संध्याकाळी मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, बायकांचा शास्त्राभ्यास असतो, आणि यंदाच्या पावसाळ्यात आम्ही याकोब घेतला. आमच्यात निवृत्त नर्स आहेत, शाळेत शिकवणाऱ्या बाई आहेत, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या दोघी आहेत, आणि एक मावशी आहेत ज्यांनी तरुणपणी नवऱ्याबरोबर ऊसतोड केली. अशा बायकांमध्ये बसून वाचलं, तेव्हा मला या पत्राचं वजन नेमकं कुठे आहे ते कळलं. ते दुसऱ्या अध्यायातल्या वादात नाही. ते पाचव्या अध्यायातल्या मजुरीत आहे.

आधी तो वाद उरकून घेते, कारण याकोब म्हटलं की बहुतेकांना तेवढाच आठवतो. कृतीवाचून विश्वास मेलेला आहे, असं याकोब म्हणतो. नियमशास्त्राच्या कर्मांवाचून, विश्वासाने माणूस नीतिमान ठरतो, असं प्रेषित पौल रोमकरांना लिहितो. दोघंही साक्षीला अब्राहामालाच उभं करतात. पौल उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायातला अब्राहाम घेतो, ज्याला देवाने आकाशातले तारे दाखवले; याकोब बाविसाव्या अध्यायातला घेतो, ज्याने आपल्या मुलाला, इसहाकाला, वेदीवर ठेवलं. १५२२ साली धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरचा जर्मन नवा करार छापून आला तेव्हा त्याने प्रस्तावनेत याला पेंढ्याचं, म्हणजे वजन नसलेलं, पत्र म्हटलं, आणि इब्री, यहूदा, प्रकटीकरण यांच्यासोबत पुस्तकाच्या अगदी शेवटी ठेवलं. नंतरच्या आवृत्त्यांतून ते वाक्य गेलं, शिक्का मात्र राहिला. त्याच्याही खूप आधी, चौथ्या शतकात, मंडळीचा इतिहासकार युसेबियस हे पत्र काहींना मान्य नसलेल्या पुस्तकांत मोजतो. ३६७ साली अलेक्झांड्रियाचा बिशप अथानासियस याने दिलेल्या २७ पुस्तकांच्या यादीत मात्र ते आहे.

मला त्या दोघांत भांडण दिसत नाही. पौलासमोर उभा असलेला माणूस म्हणतो की सुंता केल्याशिवाय देव यहुदी नसलेल्या या विश्वासणाऱ्यांना आपलं म्हणणार नाही. याकोबासमोरचा माणूस म्हणतो की मी विश्वास ठेवतो, आणखी काय पाहिजे? दोन वेगळ्या माणसांना दोन वेगळी उत्तरं मिळणारच. आणि प्रीतीच्या द्वारे काम करतो तोच विश्वास कामाचा, हे गलतीकरांना सांगणारा पौलच आहे. देव एक आहे एवढं तर भुतंही मानतात आणि थरथर कापतात, असं याकोब म्हणतो. देवाविषयीचं बरोबर मत तोंडपाठ असणं आणि विश्वास असणं यांतलं अंतर इतक्या थोडक्यात मी दुसरीकडे कुठे वाचलेलं नाही.

त्या वादापेक्षा त्याच्या पोटात दिलेलं उदाहरण मला महत्त्वाचं वाटतं. एखादा भाऊ किंवा बहीण अंगावर पुरेसं वस्त्र नसलेली, त्या दिवसाच्या अन्नाला महाग झालेली तुमच्यासमोर आहे. आणि तुमच्यातला कोणी म्हणतो, “सुखाने जा, ऊब घ्या, पोटभर खा.” पण देत काहीच नाही. याकोब विचारतो, त्याचा काय उपयोग? लक्षात घ्या, तो माणूस वाईट बोललेला नाही. त्याने हाकलून दिलेलं नाही, टोमणा मारलेला नाही. आशीर्वादच दिला आहे. याकोबाने पकडला आहे तो गोड बोलणारा, धार्मिक शब्दांत बोलणारा माणूस. याकोब बहिणीचा वेगळा उल्लेख करतो याकडेही नर्सबाईंनी आमचं लक्ष वेधलं. त्या काळच्या लिखाणात ‘भाऊ’ म्हटलं की भागत असे. उपाशी कोण आहे हे सांगताना त्याला बाईही दिसली.

आमच्या मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणी आजारी पडल्याची बातमी आली की अर्ध्या तासात जोडलेल्या हातांची रांग लागते. ‘प्रार्थनेत आठवण ठेवतो.’ ‘प्रभू बरं करो.’ ते सगळे मनापासून लिहितात, हे मी जाणते, आणि प्रार्थना ही काही कमी गोष्ट नाही; याकोब स्वतः पत्राच्या शेवटी आजाऱ्यासाठी प्रार्थना करायला सांगतो. पण कशी, ते पाहा. मंडळीच्या वडीलजनांना बोलवा, त्यांनी त्याच्याकडे जावं, तेल लावावं, प्रार्थना करावी. म्हणजे उठून जायचं आहे. अंगाला हात लागायचा आहे. यंदा आमच्यातल्या एकीचा मुलगा दवाखान्यात होता तेव्हा धुणीभांडी करणाऱ्या दोघींपैकी एक रोज सकाळी कामावर जाताना त्याच्या आईसाठी भाकरी आणि पातळ भाजीचा डबा देऊन जायची. ग्रुपवर तिचं एकही वाक्य नव्हतं. तिच्याकडे स्मार्टफोन नाही.

पहिल्या अध्यायाच्या शेवटी याकोब शुद्ध धर्म म्हणजे काय ते सांगतो: अनाथांचा आणि विधवांचा त्यांच्या संकटात समाचार घेणं, आणि स्वतःला जगाचा डाग लागू न देणं. हे वचन आम्हा मराठी ख्रिस्ती बायकांनी वाचावं आणि पंडिता रमाबाईंची आठवण येऊ नये असं होऊच शकत नाही. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडलं ते विधवांसाठी. पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून उपाशी, निराधार मुली-बायका आणून त्यांनी केडगावला मुक्ती हे आश्रयस्थान वसवलं. त्याच केडगावात हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी सगळं बायबल सोप्या मराठीत उतरवलं, साध्या बायकांना वाचता यावं म्हणून, आणि ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. या दोन कामांना वेगळं करणारे लोक मी पाहिले आहेत. काहींना समाजसेविका रमाबाई हव्या असतात, काहींना फक्त बायबलवाल्या. याकोबाच्या त्या एका वचनात दोन्ही एका श्वासात आहेत, आणि रमाबाईंच्या दिवसातही ती एकत्रच होती. दळण, शिवण, छापखाना, भाषांतर आणि प्रार्थना एकाच आवारात चालायची.

दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला सभेचं दृश्य आहे. हातात सोन्याची अंगठी, अंगावर झगझगीत कपडे असा एक माणूस आत येतो. त्याच वेळी मळके कपडे घातलेला एक गरीबही येतो. पहिल्याला तुम्ही म्हणता, “या, इथे चांगल्या जागी बसा.” दुसऱ्याला म्हणता, “तू तिकडे उभा राहा, नाहीतर इथे माझ्या पायांपाशी बस.” रोमन साम्राज्यात सोन्याची अंगठी हे दर्जाचं चिन्ह होतं, त्यामुळे आत आलेला कोण हे न विचारता कळायचं. याकोब पुढे विचारतो, तुम्हाला कोर्टात खेचणारे हेच श्रीमंत ना? ज्यांच्याकडून मार खाता त्यांनाच खुर्ची देता?

आमच्या मंडळ्यांना हा प्रश्न नवा नाही. ब्राह्मण, महार, मांग घरांतून आलेल्या माणसांनी एका जागी बसून एकाच भाकरीचा तुकडा घेणं हे एकोणिसाव्या शतकात केवढं धाडस होतं, याचा आज आपल्याला नीट अंदाजही येत नाही. तेवढं आपल्या पूर्वजांनी करून दाखवलं. आणि आता नाताळच्या कार्यक्रमाला पुढे सोफे लागतात. नगरसेवक येतात, देणगीदार येतात, त्यांच्यासमोर पाण्याच्या बाटल्या असतात, आणि ऐकू कमी येणाऱ्या म्हाताऱ्या बायका शेवटच्या सतरंजीवर. हा अध्याय वाचून झाल्यावर आम्ही काही जणी पाळकसाहेबांकडे गेलो आणि हे त्यांच्यापुढे ठेवलं. ते ऐकून घेणारे गृहस्थ आहेत. येत्या नाताळात पुढच्या दोन रांगा वृद्धांसाठी ठेवायच्या असं पंचकमिटीत ठरलं आहे. पाहुण्यांना तिसरी रांग. कोणाला राग येईल तर येवो.

याकोबाला हे विषय सुचले कुठून? मीही आधी समजत होते की तो एकामागून एक सुटी बोधवचनं सांगतो आहे. पण जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाचा १९ वा अध्याय शेजारी ठेवून वाचा. आम्ही दोन्ही पानांच्या झेरॉक्स काढून वाटल्या आणि पेन्सिलीने रेघा ओढल्या. लेवीय १९:१२ मध्ये खोटी शपथ आहे. याकोबाच्या पाचव्या अध्यायात शपथ आहे. १९:१३ मध्ये मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नको असं आहे. याकोबात अडवलेली मजुरी आहे. १९:१५ मध्ये न्याय करताना गरिबाचं किंवा बड्याचं तोंड पाहू नको. याकोबात अंगठीवाला आणि मळक्या कपड्यांतला. १९:१६ मध्ये चुगली. याकोबाच्या चौथ्या अध्यायात एकमेकांविरुद्ध बोलणं. आणि १९:१८ मध्ये ‘आपल्या शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती कर’. याकोब त्यालाच राजमान्य नियम म्हणतो. शेजाऱ्यावर प्रीती ही एक गोड भावना म्हणून त्या अध्यायात आलेली नाही. मजुरी, साक्ष, चुगली, शेताच्या कडेला गरिबासाठी उभं ठेवलेलं पीक यांच्या मधोमध ती बसली आहे. याकोबाने तिला तिथून उपटून आणलं नाही, आजूबाजूच्या मातीसकट आणलं.

आता पाचवा अध्याय. श्रीमंतांनो, तुमच्यावर येणाऱ्या दुःखांसाठी रडा, आकांत करा, असा तो सुरू होतो. तुमचं धन कुजलं आहे, सोन्यारुप्याला गंज चढला आहे. आणि मग ते वाक्य: तुमची शेतं कापणाऱ्या मजुरांची जी मजुरी तुम्ही अडवून ठेवली, ती ओरडते आहे, आणि कापणी करणाऱ्यांचा आक्रोश सेनाधीश प्रभूच्या कानांपर्यंत पोचला आहे.

त्या काळच्या यहूदियात आणि गालीलात दिवसाच्या मजुरीवर जगणारी माणसं पुष्कळ होती. मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला दाखला आठवा. मळ्याचा मालक पहाटे बाजारात जातो, तिथे माणसं कामाची वाट पाहत उभी असतात, दिवसाला एक दिनार ठरतो, संध्याकाळी कारभारी पैसे वाटतो. आजही कुठल्याही शहरात सकाळी मजूर अड्ड्यावर हेच दिसतं. ज्याला आज संध्याकाळी पैसे मिळतील तोच आज रात्री पीठ घेऊन घरी जाईल. म्हणून जुन्या करारातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या २४ व्या अध्यायात मोशे सांगतो की सूर्य मावळायच्या आत त्याची मजुरी दे, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्यावर टांगलेला आहे. आपल्याकडे १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने महिन्याच्या पगाराला, हजारापेक्षा कमी कामगार असलेल्या ठिकाणी, सात तारखेची मुदत घातली. मोशेची मुदत सूर्यास्ताची होती.

पगाराचं काम करणाऱ्या माणसाला हे वचन कसं लागतं ते सांगते. एखाद्या आठवड्यात बिलं अडकतात, पैसे कमी पडतात, आणि कोणाचं थांबवायचं हा प्रश्न टेबलावर येतो. स्टीलवाल्याचं थांबवलं तर तो दिवसातून तीनदा फोन करतो आणि पुढची गाडी सोडत नाही. बँकेचा हप्ता खात्यातून आपोआप जातो. वीजबिल थकलं तर वायरमन येऊन लाइन तोडतो. हेल्परचं थांबवलं तर काहीच बंद पडत नाही. तो दाराशी थोडा वेळ उभा राहतो, “मॅडम, सोमवारी होईल का?” विचारतो आणि सोमवारी वेळेवर कामावर येतो. सगळ्यात सोपं थांबवणं त्याचंच असतं. जगभरातले हिशोब याच उताराने वाहतात, त्यासाठी मालक दुष्ट असावा लागत नाही. आमच्याकडे मालकांशी बोलून क्रम ठरवून घेतला आहे: शनिवारचा पगार पहिला, मग बाकी सगळं. मालक ख्रिस्ती नाहीत. मी त्यांना याकोबाचं वचन दाखवलं नव्हतं, कोणाचं काय थांबवल्याने काय होतं एवढंच कागदावर मांडून दाखवलं होतं. त्यांना ते एका मिनिटात पटलं.

बुधवारी हे वचन वाचल्यावर ऊसतोड केलेल्या मावशी बराच वेळ पुस्तकाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “मजुरी वरडती म्हणं. आमी तर कधी वरडलो न्हाई बाई. वरडलं तर फुडच्या साली उचल कोण देनार?” नवराबायको मिळून एक कोयता. दिवाळीआधी मुकादमाकडून उचल घ्यायची, गाव सोडायचं, कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, तोडायचं, आणि शेवटी हिशोबाला बसलं की मुकादमाच्या वहीत फिटलेले पैसे कधी पुरे पडायचे नाहीत. आजारपणाचा खाडा, पोराच्या तापाचा खाडा. वही त्यांना वाचता येत नव्हती.

मावशींच्या त्या एका प्रश्नाने मला ते वचन उलगडलं. याकोबाने आधी मजुरीला ओरडायला लावलं आहे, मजुरांचा आक्रोश नंतर येतो. ज्याला ओरडणं परवडत नाही त्याच्या वतीने अडवलेला पैसा ओरडतो. वहीत चुकीचा लिहिलेला आकडा ओरडतो. भावाने मारलेल्या हाबेलाचं रक्त जमिनीतून ओरडलं होतं, तसं. श्रीमंताने पेटीत नीट कुलूप लावून ठेवलेली रक्कमच त्याच्याविरुद्धची साक्षीदार.

हे लिहिणारा याकोब कोण, यावर विद्वानांत मतभेद आहेत. परंपरा सांगते तो येशूचा भाऊ, यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी. पत्राची ग्रीक भाषा फार सफाईची असल्यामुळे काहींना ते पहिल्या शतकाच्या अखेरीला कोणीतरी त्याच्या नावाने लिहिलं असं वाटतं. मला परंपरेकडे ओढतं ते दुसऱ्याच एका गोष्टीमुळे. पौल गलतीकरांना लिहितो की यरुशलेमात याकोब, पेत्र आणि योहान यांच्याशी आमचं बोलणं होऊन हातात हात दिले गेले तेव्हा त्यांनी एकच मागणं केलं: गरिबांची आठवण ठेवा. सुंतेवरून एवढा वाद पेटलेला असताना त्या बैठकीत आग्रहाने मागितलं गेलं ते हे.

आणि त्याचं मरण. यहुदी इतिहासकार योसेफस त्या वर्षांचं यरुशलेम दाखवतो. महायाजकांचे नोकर खळ्यांवर जाऊन दशमांशाचं धान्य जबरदस्तीने उचलून आणत, आणि त्या धान्यावर जगणारे गरीब याजक उपाशी मरत. इसवी सन ६२ मध्ये रोमन सुभेदार फेस्तुस वारला आणि नवा अल्बिनुस अजून वाटेत होता. ती संधी साधून महायाजक हनन याने सभा भरवली आणि ‘ज्याला ख्रिस्त म्हणतात त्या येशूचा भाऊ याकोब’ आणि आणखी काही जण यांना दगडमार करवली. पुढचं योसेफस सांगतो ते मला फार मोलाचं वाटतं: नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या शहरातल्या सज्जनांनाच हे सहन झालं नाही. ते ख्रिस्ती नव्हते. त्यांनी तक्रार केली आणि अवघ्या तीन महिन्यांत हननाचं पद गेलं. खळ्यावरचं धान्य लुटणाऱ्यांच्या शहरात शेत कापणाऱ्यांच्या मजुरीविषयी असं बोलणारा माणूस नको होता, हे मी माझ्यापुरतं त्यातून वाचते. योसेफस तसं कारण देत नाही.

तिसरा अध्याय जिभेचा. घोड्याच्या तोंडातला लगाम, जहाजाचं सुकाणू, रान पेटवणारी ठिणगी. हा सगळ्यांचा आवडता, उपदेशही यावर सगळ्यात जास्त ऐकलेले, म्हणून मी त्यावर फार थांबत नाही. एवढंच म्हणते की तो अध्याय ‘तुमच्यातल्या फार जणांनी शिक्षक होऊ नये’ इथून सुरू होतो. पहिला मारा बोलघेवड्या बायकांवर नाही, व्यासपीठावर उभं राहणाऱ्यांवर आहे. आमच्याकडे उपदेशात याच्या उलट ऐकायला मिळतं.

चौथ्या अध्यायाच्या शेवटी व्यापारी येतात. आज-उद्या अमक्या गावी जाऊ, तिथे वर्षभर राहू, धंदा करू, नफा मिळवू. उद्या काय होईल हे तुम्हाला माहीत नाही, तुम्ही क्षणभर दिसून नाहीसं होणारं धुकं आहात, त्यापेक्षा ‘प्रभूची इच्छा असेल तर’ म्हणा. हे शब्द आपण लग्नपत्रिकेवर छापतो, कार्यक्रमाच्या आमंत्रणाच्या खाली लिहितो. याकोब ते अंदाजपत्रकाच्या वर लिहायला सांगतो आहे, नफ्याच्या आकड्याशेजारी. आणि त्याच्या लगेच खाली, चांगलं काय ते कळत असून न करणं हे पाप, हे वाक्य. त्यानंतर चौथ्याच वचनात अडवलेली मजुरी. अध्यायांची कापाकापी पुष्कळ नंतरची आहे. मुळात धुक्यातला व्यापारी आणि मजुरी अडवणारा शेतमालक पाठोपाठ उभे आहेत.

राहिला तो सगळ्यात अवघड भाग. श्रीमंतांना झोडपल्यावर याकोब लगेच म्हणतो, म्हणून बंधूंनो, प्रभूच्या येण्यापर्यंत धीर धरा. शेतकरी बघा, जमिनीच्या मोलाच्या पिकासाठी आगोटीच्या आणि वळवाच्या पावसाची वाट पाहतो. त्या प्रदेशात पहिला पाऊस साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पेरणीच्या वेळी, आणि शेवटचा मार्च-एप्रिलात, दाणा भरताना. पहिला हुकला तर उगवण नाही, शेवटचा हुकला तर वजन नाही. पावसाकडे डोळे लावून बसणं काय असतं हे नगर जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. पण नर्सबाईंनी सरळ विचारलं, “हे म्हणजे गरिबाला गप्प बसायला सांगणंच ना? धीर धर, वर बघ, स्वर्गात मिळेल. पैसेवाले तरी दुसरं काय सांगतात?”

प्रश्न खरा आहे. धर्माने हे काम पुष्कळ ठिकाणी केलं आहे. म्हणून आम्ही पुढची वचनं एकेक करून वाचली. धीराचं उदाहरण म्हणून याकोब कोणाची नावं घेतो? प्रभूच्या नावाने बोललेल्या संदेष्ट्यांची. आमोस, यशया, यिर्मया हे गप्प बसणारे लोक नव्हते. त्यांनी सत्तेविरुद्ध उघड सांगितलं आणि त्याची किंमत भोगली. मग ईयोब, ज्याने मित्रांचं समजावणं मानलं नाही आणि देवालाच जाब विचारत राहिला. मग, प्रार्थनेचं उदाहरण म्हणून, एलीया, ज्याने अहाब राजासमोर जाऊन दुष्काळ सांगितला. त्याच्या प्रार्थनेने साडेतीन वर्षं पाऊस पडला नाही, आणि पुन्हा प्रार्थना केल्यावर पडला. याकोबाच्या या यादीत एकही मुका माणूस नाही. आणि न्यायाधीश दाराशी उभा आहे, असंही तो मध्येच सांगतो. या धीराचा अर्थ मला असा लागतो: सूड घेऊ नका, आपसात कुरकुर करू नका, आणि जे खरं आहे ते बोलायचं सोडू नका.

त्या बुधवारी धुणीभांडी करणाऱ्यांपैकी दुसरी, जी सहसा बोलत नाही, ती म्हणाली की एका घरी तिचे दोन महिन्यांचे पैसे राहिले आहेत. घर आमच्याच मंडळीतलं. ती मागायला गेली की “पुढच्या महिन्यात एकदम देते” असं उत्तर येतं. तिने काम सोडलेलं नाही, कारण सोडलं तर तेही जातील. कोणी आवाज चढवला नाही, कोणी वचन म्हणून दाखवलं नाही. शुक्रवारी संध्याकाळी नर्सबाई, मावशी, ती आणि मी अशा चौघी त्या घरी गेलो. चहा झाला. मी तारखा लिहिलेला कागद पुढे ठेवला. बाईंनी कपाटातून काढून एका महिन्याचे पैसे तिथेच दिले. दुसऱ्या महिन्याचे दहा तारखेला देते म्हणाल्या. दहा तारखेला आम्ही पुन्हा जाणार आहोत.